'प्रभावी सदस्य' मोजायचे कसे? फॉलोअर बाजूला ठेवा, घड्याळ बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लिंक जतन करून टॅग लावायची एक साइट तुम्ही चालवता. नोंदणी आठेक हजारांची, नियमित येणारे काहीशे. मुखपृष्ठावर 'सर्वात प्रभावी सदस्य' अशी यादी हवी आहे. त्यासाठी फॉलोअर, बुकमार्कची संख्या आणि लाइक यांना किती वेटेज द्यायचं, की सरळ पेजरँक (कुणाकडून दुवे येतात त्यावरून वजन ठरवणारी गूगलची पद्धत) लावून मोकळं व्हायचं, असं तुम्ही विचारलंय.

अशा एका सेवेच्या रँकिंगवर मी काही वर्षं काम केलंय, आणि 40-30-30 टक्के असलं सूत्र आम्हीही पहिल्यांदा लावलं होतं. यादीत वरती कोण येणार हे ते सूत्र न चालवताही सांगता आलं असतं: सर्वात जुने सदस्य. जुने म्हणून फॉलोअर जास्त, फॉलोअर जास्त म्हणून लाइक जास्त, आणि वर्षं जास्त म्हणून बुकमार्कही जास्त. तिन्ही आकडे दिसायला वेगळे होते, पण मोजत होते एकच गोष्ट: नोंदणीची तारीख. वेटेज कितीही हलवलं तरी यादी जागची हलेना, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून वेटेजचा प्रश्न आत्ता बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा आहे की 'प्रभावी' या एका शब्दात तुम्ही तीन वेगळी माणसं कोंबताय. एक, ज्याच्याकडे पुष्कळ जण बघतात. दुसरा, ज्याच्यामुळे इतर लोक काहीतरी करतात. आणि तिसरा, ज्याला कामाची गोष्ट इतरांच्या आधी सापडते. हे तिघे कधीकधी एकच असतात, बऱ्याचदा नसतात. ट्विटरवर मीयंग चा या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2010मध्ये सुमारे 5.4 कोटी खात्यांच्या माहितीवर हेच तपासलं होतं. सर्वाधिक फॉलोअर असलेले लोक आणि ज्यांचं म्हणणं पुढे पाठवलं जातं किंवा ज्यांचा उल्लेख होतो ते लोक, या याद्या एकमेकींशी फारशा जुळल्या नाहीत.

तुमची साइट नवी माहिती सापडावी म्हणून आहे. तेव्हा तुम्हाला तिसरा माणूस हवाय, आणि थोडासा दुसरा. पहिला तर तुमच्या डेटाबेसमध्ये एका ओळीच्या क्वेरीत मिळतो, त्याच्यासाठी रँकिंग कशाला?

बुकमार्किंगची एक गोष्ट मला फार आवडते. जोशुआ शॅक्टरने 2003मध्ये डिलिशस ही बुकमार्किंग साइट सुरू केली तेव्हापासून या प्रकारात माणूस लिंक ठेवतो ती मुख्यतः स्वतःसाठी, पुढे लागेल म्हणून. इतरांना ती दिसते हा जोडफायदा. म्हणून जतन करणं ही लाइकपेक्षा जास्त प्रामाणिक खूण असते. लाइक फुकट असतो, शिवाय आधीच्या लाइककडे बघून पडतो. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका बातम्या-संकलन साइटवरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना सुरुवातीलाच एक कृत्रिम अनुकूल मत दिलं गेलं. त्यांचं शेवटचं सरासरी गुणांकन 25 टक्क्यांनी वर गेलं. एका मताने! म्हणून तुमच्या सूत्रातला लाइक मी तरी पूर्ण काढून टाकेन.

आता पेजरँकबद्दल. तो फॉलोअरच्या जाळ्यावर लावलात तर 'वजनदार लोक ज्याला फॉलो करतात तो वजनदार' एवढंच कळेल. म्हणजे पुन्हा पहिला माणूस, जरा नीट मोजलेला. तुम्हाला जास्त जवळचं आहे ते जॉन क्लाइनबर्ग यांचं हिट्स, 1999च्या शोधनिबंधातलं. त्यातली कल्पना परस्परपूरक आहे, आणि तुमच्या साइटवर ती अशी बसते: चांगली पानं कोणती, तर चांगल्या माणसांनी ठेवलेली, चांगली माणसं कोणती, तर चांगली पानं ठेवणारी. गोल फिरल्यासारखं वाटतं खरं. पण सगळ्यांना सारखे गुण देऊन सुरुवात केली, माणसांवरून पानांचे आणि पानांवरून माणसांचे गुण आळीपाळीने काढत गेलं आणि दर फेरीला आकडे एका मापात आणले, की काही फेऱ्यांनंतर ते हलायचे थांबतात.

मात्र नुसतं हिट्स बुकमार्कवर चालवलं तर एक भोक राहतं. मी आज खातं उघडलं, तुमच्या 'लोकप्रिय' पानावरच्या पहिल्या दोनशे लिंका उचलून माझ्या खात्यात टाकल्या, तर मी एका दिवसात तज्ज्ञ! सगळी चांगली पानं माझ्याकडे आहेत ना. वेळ मोजलीच नाही तर पुढून येणारा आणि मागून येणारा एकाच पंगतीत बसतो.

हे भोक बुजवणारी पद्धत 2009मध्ये स्पिअर या नावाने मांडली गेली, तीही डिलिशसच्या माहितीवर. तिचा गाभा साधा आहे. एखादी लिंक तुम्ही ठेवल्यानंतर आणखी किती जणांनी ठेवली, त्यानुसार तुम्हाला श्रेय. पहिल्याला सर्वात जास्त, शेवटच्याला सर्वात कमी. पण हे श्रेय सरळ आकड्यात न देता त्याचं वर्गमूळ घ्यायचं. पुढचं सगळं हिट्ससारखंच.

वर्गमूळ कशाला, हे मी आमच्या टीममध्ये प्रत्येक नव्या माणसाला कागदावर करून दाखवायचे. समजा 'अ'ने एकच लिंक ठेवली आणि तिच्यामागे 900 जण आले. 'ब'ने नऊ लिंका ठेवल्या, प्रत्येकीमागे 100 जण. सरळ बेरीज केली तर दोघेही 900वर बरोबरीत. वर्गमूळ घेतलं की 'अ'ला 30 आणि 'ब'ला नऊ वेळा 10, म्हणजे 90. एकदा मटका लागलेला आणि पुन्हा पुन्हा नेम साधणारा यांच्यात तिप्पट फरक पडला. तुम्हाला 'ब' हवा आहे. (वर्गमूळच घ्यावं असा काही नियम नाही. लॉगॅरिदमही चालतो, तो मोठ्या हिटला आणखी दाबतो. तुमच्याकडे एका लिंकमागे फार तर वीस-तीस लोक येत असतील, तर या दोहोंत डोकं खपवू नका.)

इथपर्यंत पुस्तकी झालं. खरी माती होते ती माहितीच्या साफसफाईत, आणि 'आधी कोण' मोजायला घेतलंत की घड्याळाच्या सगळ्या चुका थेट रँकिंगमध्ये उतरतात.

आमची पहिली वेळ-आधारित यादी आली तेव्हा वरच्या क्रमांकावर एक नाव होतं, जे टीममध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं. जवळजवळ प्रत्येक गाजलेली लिंक या गृहस्थांनी सर्वांच्या आधी ठेवलेली. काही लिंका तर आमची सेवा सुरू व्हायच्या आधीच्या तारखांच्या! उलगडा झाला तो असा. ब्राउझरमधून बुकमार्कची फाइल बाहेर काढली की प्रत्येक लिंकसोबत 'अ‍ॅड-डेट' नावाची नोंद येते, ती जतन केल्याची मूळ वेळ असते, 1970पासून मोजलेल्या सेकंदांत. आमचा इम्पोर्ट ती वेळ जशीच्या तशी टेबलात घालत होता. त्यांनी आपले कित्येक वर्षांचे बुकमार्क एका झटक्यात आणले आणि आमच्याकडच्या प्रत्येक गोष्टीचे आद्य संशोधक झाले. त्यांची काहीच चूक नव्हती. पण त्या लिंका आमच्याकडे त्या तारखेला कुणालाच दिसत नव्हत्या. तेव्हा दोन वेळा वेगळ्या ठेवा: मूळ वेळ सदस्याला दाखवायला, आणि सर्व्हरवर लिंक सर्वांना दिसू लागली ती वेळ रँकिंगला. एकगठ्ठा आणलेल्या लिंका तर श्रेयातून सरळ वगळा.

ते नाव काढल्यावर दुसरं एक वर आलं. त्याच्या नोंदी बघताना मी मिनिटांचा रकाना वाचत गेले: 00, 15, 30, 45, पुन्हा 00. रात्री तीन वाजताही तेच. चार-पाच बातमी-फीड जोडून ठेवलेला बॉट होता तो, जे येईल ते जतन करणारा. सगळंच ठेवलं की पुढे गाजणारंही त्यात असतंच, आणि ते सर्वांच्या आधी असतं. बेरजेवर चालणारी कुठलीही पद्धत इथे फसते. वर सांगितलेलं वर्गमूळही वाचवत नाही, कारण लिंकांची संख्याच अफाट असते.

यावर उतारा म्हणजे बेरजेसोबत प्रमाण बघा. या माणसाने ठेवलेल्या लिंकांपैकी किती टक्के पुढे किमान तिघांनी तरी ठेवल्या? बॉटचं प्रमाण तळाला जातं, चोखंदळ माणसाचं टिकतं. पण नुसतं प्रमाणही लबाड असतं. तीनपैकी तीन म्हणजे शंभर टक्के, आणि शंभरपैकी ऐंशी म्हणजे ऐंशी. मग पहिला श्रेष्ठ? इथे विल्सन अंतरालाची, म्हणजे खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे त्या पट्ट्याची, खालची मर्यादा घ्या. 95 टक्के खात्रीला तीनपैकी तीनची खालची मर्यादा सुमारे 0.44 येते आणि शंभरपैकी ऐंशीची सुमारे 0.71. पुरावा कमी तर गुण कमी, इतकं साधं. रेडिटवर प्रतिक्रियांची 'उत्तम' ही क्रमवारी याच तत्त्वावर लावली गेली.

तिसरा खड्डा लिंकचाच. एकच पान एकाने मोबाइल आवृत्तीत ठेवलं, दुसऱ्याने शेवटी तिरकी रेघ असलेलं, तिसऱ्याने जाहिरात मोजणाऱ्या 'यूटीएम' शेपटीसकट. डेटाबेसला या तीन लिंका, म्हणून तीन 'पहिले' शोधक. पत्ते एकरूप करण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि कधीच पूर्ण होत नाही, पण ते केल्याशिवाय पुढचं गणित चालवू नका. माझ्या अनुभवात अल्गोरिदम बदलून यादीत जेवढा फरक पडला, त्याहून जास्त या साफसफाईने पडला.

इथवरचं एकत्र करून सांगते: श्रेय वेळेच्या क्रमावर, मोठ्या हिटला वर्गमूळाचा लगाम, संख्येसोबत विल्सनने सावरलेलं प्रमाण, आणि या सगळ्याआधी घड्याळ आणि पत्ते स्वच्छ.

आता दुसरा माणूस, ज्याच्यामुळे इतर लोक काहीतरी करतात तो. इथे मी जास्त जपून बोलते, कारण आधी आणि नंतर यावरून 'मुळे' ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदीचं श्रेय कावळ्याला द्यायचं का? तुम्ही एक लिंक ठेवलीत, तासाभराने मी ठेवली. मी तुमची बघून ठेवली, की आपण दोघं एकच वार्तापत्र वाचतो? सारख्या आवडीची माणसं एकमेकांना फॉलो करतात, त्यामुळे एकमेकांसारखं वागतातही, कुणी कुणाला काही न सांगता. सिनान अराल आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये एका मोठ्या मेसेजिंग जाळ्यावर हा गोंधळ सोडवून पाहिला, तेव्हा नेहमीच्या मोजणीत प्रभाव 300 ते 700 टक्के फुगवून दिसत होता असं निघालं.

आणि मोठ्या बातमीचं तर कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. ती लिंक कुणीच पहिल्यांदा ठेवली नसती तरी दुपारपर्यंत सर्वांकडे आली असती. अशा लिंकवर पहिलं असणं म्हणजे जागरण, पारख नव्हे.

उपाय तुमच्या हातात आहे, फक्त आजपासून नोंद ठेवायला लागेल. कुणी लिंक जतन केली की ती कुठून केली हे त्या ओळीतच लिहा: कुणाच्या यादीतून, टॅगच्या पानावरून, शोधातून, की बाहेरून ब्राउझरच्या बटनाने. शिवाय कोणाला कोणती लिंक पडद्यावर दिसली याचा लॉग ठेवा, महिनाभराचा पुरतो. मग दोन वेगळे आकडे निघतात. तुमची नोंद दिसल्यावर, तिथूनच ज्यांनी ठेवली, तो तुमचा प्रभाव. तुमची नोंद न बघता, बाहेरून येऊन ज्यांनी तीच लिंक नंतर ठेवली, ती तुमच्या पारखीची साक्ष. ही दुसरी मला जास्त मोलाची वाटते. त्या लोकांना तुमचं नावही माहीत नव्हतं, तरी त्यांचं तुमच्याशी एकमत झालं. खाजगी ठेवलेले बुकमार्कही याच साक्षीत एकूण संख्येत धरता येतात. नाव मात्र कुठेही बाहेर दिसता कामा नये. फार कमी लोकांनी ठेवलेल्या लिंकवर संख्येवरूनही ओळख फुटू शकते, तिथे धरूच नका.

प्रयोगाची तयारी असेल तर आणखी पक्कं करता येतं. प्रत्येक सदस्याच्या नोंदी त्याच्या काही टक्के फॉलोअरना, यादृच्छिक निवडून, काही दिवस फीडमध्ये दाखवूच नका. ज्यांना दिसल्या आणि ज्यांना दिसल्या नाहीत, त्यांच्या जतन करण्यातला फरक म्हणजे खरा प्रभाव. तुमच्याकडे नियमित लोक काहीशेच आहेत, तेव्हा एकेका सदस्याचा आकडा यातून विश्वासार्ह निघणार नाही. पण 'आमच्या साइटवर फॉलो करण्याने एकूण काही फरक पडतो का' याचं उत्तर मिळेल. ते 'नाही' असं आलं तर प्रभावाची यादी करायचं कामच वाचलं.

विषयाचं काय? सगळ्यांची एकच यादी करू नका. पानांवरून माणसं आणि माणसांवरून पानं अशी आवर्तनं चालवली की सर्वात दाट गट सगळे गुण ओढून घेतो. प्रोग्रॅमिंगवाले संख्येने जास्त असतील तर वनस्पतीशास्त्रातला अस्सल जाणकार तळाला जाईल, त्याची पारख कितीही चोख असली तरी. टॅगनुसार वेगळं चालवा. इथे एक अडचण येईल: गोल्डर आणि ह्युबरमन यांनी 2006मध्ये दाखवलं होतं की डिलिशसवर एखाद्या लिंकचे टॅग साधारण शंभरेक जणांनी ती ठेवल्यावर ठरावीक प्रमाणात स्थिरावतात. तुमच्याकडे बहुतेक लिंका त्या आकड्याच्या आसपासही जाणार नाहीत. म्हणून प्रत्येक लिंकचा टॅग खरा न मानता समानार्थी टॅग हाताने जोडून दहा-पंधरा ढोबळ विषय करा. एक दुपार जाईल, पण आपोआप गट पाडणाऱ्या कुठल्याही पद्धतीपेक्षा बरं होईल.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. ही यादी मुखपृष्ठावर लावू नका.

लिंकांना मत द्यायच्या डिग या साइटने अशी यादी लावली होती. तिथे अव्वल सदस्यांची क्रमवारी उघड होती आणि त्यातले लोक एकमेकांच्या लिंकांना मत देऊन त्या पहिल्या पानावर नेतात अशी तक्रार वाढत गेली. 2006च्या सप्टेंबरमध्ये डिगने मतं किती वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांकडून आली याला महत्त्व द्यायला सुरुवात केली, त्यावर अव्वल मंडळी नाराज झाली, आणि 2007च्या फेब्रुवारीत ती क्रमवारीच काढून टाकली गेली. क्लाउट तर माणसाला 1 ते 100 असा प्रभावाचा आकडाच देत असे. 2018च्या मेमध्ये ती सेवा बंद झाली.

तुमच्याकडे हे लहान प्रमाणावर होईल, पण होईल. आज लोक लिंक स्वतःसाठी ठेवतात म्हणून ती खूण खरी आहे. यादी दिसली की काही जण यादीसाठी लिंका ठेवतील, आणि सर्वात आधी यायच्या घाईत न वाचता ठेवतील. तुम्ही जे मोजायला निघालात तेच नासेल. गुण आतमध्ये वापरा: लिंकांची क्रमवारी लावताना, 'या विषयात कुणाला फॉलो करावं' हे सुचवताना. सुचवतानाही क्रमांक देऊ नका. पहिल्या तीसांतून पाच नावं आलटून पालटून दाखवा, म्हणजे वरचे कायम वरच राहणार नाहीत. जुन्या श्रेयाला उतरती कळा द्या. सहा महिन्यांत निम्मं, असं आम्ही धरलं होतं. तुमच्याकडे लिंका हळू पसरत असतील तर वर्ष धरा.

संगनमताची भीती असेल तर एक स्वस्त तपासणी आहे. 'क'च्या मागून येणारे लोक दर वेळी तेच सहा जण आहेत का ते पाहा. त्याच माणसाचं पाचवं-सहावं अनुकरण पहिल्यापेक्षा कमी मोजा. खऱ्या मित्रमंडळींवर यात थोडा अन्याय होतो, तो मला मान्य आहे.

हे सगळं चालतं की नाही हे आधीच तपासता येतं. तीन महिने मागे जा, तोपर्यंतच्याच माहितीवर गुण काढा. त्यातल्या पहिल्या वीसांनी पुढच्या महिन्यात ठेवलेल्या लिंकांपैकी किती नंतर इतरांनी ठेवल्या ते मोजा. मग तेच फॉलोअरनुसार आलेल्या पहिल्या वीसांसाठी, आणि चिठ्ठ्या टाकून काढलेल्या वीसांसाठी करा. तुमचं सूत्र फॉलोअरच्या यादीला हरवत नसेल तर ते सोडून द्या, कितीही देखणं असलं तरी.

आणि तुमच्या आकारमानाबद्दल स्पष्टच सांगते. नियमित लोक दोनशेच्या आत असतील तर यातलं काहीच बांधू नका. प्रत्येक विषयाचे दोन-तीन जाणकार तुम्हाला बहुधा नावानिशी माहीत असतील, त्यांची निवड हातानेच करा. पाचशेच्या वर असतील तर आधी फक्त विल्सनचं प्रमाण काढा. ती एक क्वेरी आहे, तासाभरात लिहून होते. आलेल्या पहिल्या वीस जणांचे शेवटचे पन्नास बुकमार्क स्वतः उघडून वाचा. आवर्तनांचं गणित त्यानंतर.

मला एक कळवा: तुमच्या टेबलात जतन केल्याची वेळ एकच आहे, की इम्पोर्टची मूळ वेळ आणि सर्व्हरची वेळ वेगळ्या आहेत? एकच असेल तर नोंदींचा अनुक्रमांक तपासा. तो आपोआप वाढणारा असेल तर जुन्या नोंदींचा खरा क्रम त्यावरूनही लावता येतो. आम्ही शेवटी तसंच केलं होतं.